पुलाखालून दिसणारा समुद्र

अण्णा, तुमची पणती, माझी नात, मला युरोप दाखवायला घेऊन चालली आहे. तुम्ही दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या जहाजातून इटलीला गेलात तेव्हा विशीतले होतात. मी गुडघ्याला पट्टा बांधून निघणार. ती सुट्टीवर झाशीला आली आहे आणि दिवसभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बेत आखते. आधी पॅरिस, मग फ्रान्सचा तो किनारा जिथे लढाईत फौजा उतरल्या, मग स्वित्झर्लंडचा बर्फ, शेवटी इटली. सगळा प्रवास रेल्वेने. मी विचारतो, गाडीत संडास असतो ना? मधली गाडी चुकली तर? विमानतळावर माझी औषधं काढून घेतली तर? ती म्हणते, "आजोबा, आप टेन्शन मत लीजिए, मैं हूँ ना." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

व्हेनिस आणि रोम यांच्या मध्ये एक दिवस मोकळा निघाला. तिने तो एका दफनभूमीसाठी धरला होता. तिथे म्हणे आपल्याकडच्या शिपायांची नावं दगडावर कोरली आहेत. मी चाचरत म्हणालो, मला अण्णांचा पूल बघायचा आहे. "कौन सा पुल? गाँव का नाम?" नाव तर तुम्ही कधी घेतलंच नाही. तिला रविवारी तिकिटं काढायची होती. तोवर गाव सापडलं तर पूल, नाहीतर दफनभूमी, असं ठरलं.

मला जे ठाऊक आहे ते सगळं खारट शेवयांबरोबर आलेलं. माझं लहानपण. थंडीत टोमॅटो स्वस्त झाले की एखाद्या सुट्टीला तुम्ही अंगणात शेगडी पेटवता. लसूण आईला स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून अंगणात. तिने खिरीसाठी वळून ठेवलेल्या शेवया तुम्ही मिठाच्या पाण्यात सोडता आणि ती दारातून ओरडते, "पलटणीचं खाणं पलटणीत ठेवायचं होतं!" भिंतीपलीकडून शेजारी विचारतो, "भैयाजी, आज फिर नमकीन सेवइयाँ?" तुम्ही हसता. एकदा मी विचारलं, अण्णा, तुम्ही किती माणसं मारलीत? तुमचा पळी धरलेला हात थांबला. "मी रेल्वे कारखान्यातला फिटर. मोडलेले पूल उभे करायला नेलं होतं मला. विचारायचं तर पुलाचं विचार." इतका घाबरलो की पुढे काहीच विचारलं नाही. तुम्ही आपणहून बोलाल तेवढं ऐकत राहिलो. नदी उन्हाळ्यातल्या आपल्या बेतवासारखी, नुसते गोटे. पूल मधोमध तुटलेला. लोहमार्ग समुद्राच्या कडेकडेने जाणारा.

हे पलटणीचं खाणं, असं मीही जन्मभर धरून चाललो. पुढे झाशीजवळ बिजौलीच्या कारखान्यात नोकरीला असताना डबा उघडला की सोबत्यांना तेच सांगायचो. परवा पणतीला सांगितलं तर तिने लॅपटॉपवरून मान वर केली. "आजोबा, फ़ौज के लंगर में तो दाल-रोटी बनती होगी. ये तो वहीं के किसी घर का खाना है." तुमची सून शेजारी मटार सोलत होती. ती म्हणाली, "अहो, जपून जा बरं. तिकडे माझी आणखी एक सासूबाई निघायची!" दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मला मात्र हसू येईना. कुणाचं घर, अण्णा? कुणी बसवलं तुम्हाला चुलीपाशी?

आणि मग आठवलं. शेवयांचं पाणी निथळताना, तोंडावर वाफ घेत, एकदा तुम्ही म्हणाला होतात, "ताट घेऊन बसलं की पुलाखालून समुद्र दिसायचा." मी तेव्हा समजलो, नदीकाठी गोट्यांवर बसून जेवत असाल. पण ताट म्हणजे घर आलं. पुलाखालून समुद्र दिसतो म्हणजे घर पुलाच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला, जरा उंचावर आणि पुलाला लागून. पणतीने नकाशावर इटलीच्या किनाऱ्याकडेने जाणाऱ्या लोहमार्गावरून बोट फिरवायला घेतलं. एकेक नदी येते, सपाट माती, पुढे. सपाट, पुढे. मग एका ठिकाणी टेकडी पुलाला खेटून उभी. तिने तिथला फोटो मोठा केला. पांढरे गोटे, पूल आणि त्याखाली निळी पट्टी.

"यही है?"

मला कसं कळणार? तरी मी हो म्हणालो. तिकिटं निघाली. आता रात्रंदिवस घोर लागला आहे, गाव भलतंच निघालं तर? दफनभूमीही गेली आणि पूलही. तिथल्या लोकांना काय विचारायचं, कुठल्या भाषेत? घरच्या शेवयांची पुडी बरोबर घेतो आहे. एखाद्या म्हातारीला दाखवीन, पुढचं पणती बघेल.

हा कागद टाकायला टपालपेटी नाही, औषधांच्या डब्यात राहील. एक सांगायचं राहिलं. त्या शेवया मला कधीच आवडल्या नाहीत, अण्णा. कशाबशा गिळायचो आणि पुन्हा ताट पुढे करायचो, कारण पातेलं रिकामं झालं की तुम्ही बोलायचं थांबायचात.