दांड्यावरची तिसरी जागा

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
लेक म्हणाली, बाबा, मी बॅले सोडतेय. ब्रेडला लोणी लावता लावता म्हणाली, दूध संपलंय असं सांगावं तशी. अकरा वर्षं झाली. सहाव्या वर्षापासून आठवड्याला आधी दोन क्लास, मग चार, मग सहा. आणि सोडतेय कधीपासून, तर आजपासून.
निदान: थकवा. नोव्हेंबरात पाय प्लास्टरमध्ये होता, त्याचा शीण. दोन आठवड्यांत उतरेल.
निश्चय: या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. या वयात मुलांना स्पेस द्यावी लागते, हे मी दुकानात गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

सकाळी ६.४०
विषय काढला. ती दुसरा ब्रेड घेऊन खोलीत गेली.

५ फेब्रुवारी
बायको म्हणते, तिला राहू दे. बायको दातांच्या डॉक्टरकडे असिस्टंट आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते आणि घरी आली की मला बंद ठेव म्हणते. म्हणाली, नाचणारी ती, पाय तिचे, तू कशाला उंटावरून शेळ्या हाकतोस?
उंटावरून? इथे लिहूनच ठेवतो, कारण श्रेय वाटायची वेळ आली की लोक आधी आईकडे जातात. अकरा वर्षं तिचा अंबाडा कोणी घातला? मी. बत्तीस पिना, एक जाळी, एकही बट बाहेर नाही. तिच्या पॉइंट शूजना, म्हणजे ज्यांच्यात मुली थेट अंगठ्यांवर उभ्या राहतात त्या कडक बुटांना, रिबिनी कोणी शिवल्या? मी. शाळेचा नियम आहे की प्रत्येकीने आपल्या रिबिनी आपणच शिवायच्या. पण माझं तीस वर्षांचं अल्टरेशनचं दुकान आहे. तो नियम इतर बापांसाठी.

९ फेब्रुवारी
एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय दोन इंच आखूड झाला. घरच्या गोष्टींशी याचा काही संबंध नाही. माप देताना तो माणूसच वाकडा उभा होता.

१२ फेब्रुवारी
बॅलेच्या मॅडमना भेटलो. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. तरी पहिली वीस मिनिटं त्यांच्या पडद्यांच्या शिलाईबद्दल बोललो.
मग विचारलं, तिची जागा किती दिवस ठेवाल? हॉलच्या भिंतीला लाकडी दांडा आहे, तो धरून सगळ्या सराव करतात, आणि त्यावर प्रत्येकीची जागा ठरलेली. आमची खिडकीकडून तिसरी. दाराजवळून तिथपर्यंत सरकायला पाच वर्षं लागली. मॅडम म्हणाल्या, जागा कोणाची नसते, जी येते तिची असते. उद्यापासून तिथे दुसरी मुलगी उभी राहील.
मी म्हटलं, घरातल्या कोणी येऊन धरून ठेवली तर?
मॅडम हसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, शनिवारी सकाळी आठला मोठ्यांचा बिगिनर्स क्लास असतो, दांडा तोच आहे, या आणि धरा.
त्या चेष्टेत म्हणाल्या असं बायकोचं मत पडेल, म्हणून बायकोला सांगितलं नाही. नाव नोंदवून आलो. बसमध्ये लोक रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा मी रुमाल. थोडे दिवसांचाच प्रश्न आहे.

१५ फेब्रुवारी
तयारी. जॅकेटच्या उरलेल्या चामड्याचे मऊ बूट शिवले, लेकीच्या बुटांसारख्या रिबिनीही लावल्या. माझ्या हातचे, बाजारातल्यापेक्षा दहापट मजबूत. स्ट्रेच कापडाची तंग पँट शिवली. सवयीने इस्त्रीची धारदार घडी पाडली. राहू दिली. वेगळेपण असावं.

१७ फेब्रुवारी, शनिवार
पहिला क्लास. आम्ही पाच जण: एक प्लंबर, एक रिटायर्ड लायब्रेरियन बाई (वय एकाहत्तर), रात्रपाळी संपवून आलेल्या दोन नर्स आणि मी. तिसऱ्या जागेवर लायब्रेरियन बाई उभ्या होत्या. त्यांना सांगितलं की ही आमच्या घराची जागा आहे. चष्म्यावरून बघत सरकल्या.
पहिला प्रकार प्लिए. गुडघे बाहेर काढत खाली जायचं, पण बसायचं नाही. मी बसलो. प्लंबर मात्र अलगद खाली गेला आणि अलगद वर आला. त्याचं आयुष्य सिंकखाली गेलंय, त्याला वाकायची सवय. त्यात कला काही नाही.
एकंदरीत उत्तम. लेकीच्या अंगात हे कुठून आलं, ते आज स्पष्ट झालं.
घरी विचारलं तर सांगितलं, होलसेलवाल्याकडे पँटच्या चेन बघायला गेलो होतो.

२४ फेब्रुवारी
चेन बघायला गेलो. मॅडमनी तीनदा पोट आत म्हटलं. तिन्ही वेळा आतच होतं.

३ मार्च
लेकीने केस कापले. कानापर्यंत. दारात उभी राहून मान हलवून दाखवत होती आणि हसत होती. शेजारची मैत्रीण बरोबर होती, तिनेच कापलेत. मागची कड सरळ नाही.
ती जिन्यावर बसून चिप्स खात असताना मागून नजरेने माप घेतलं. चार इंच आहेत. जास्त पिना लावल्या, जाळी घट्ट घेतली, तर चार इंचांतही अंबाडा येतो. म्हणजे तिने दार पूर्ण बंद केलेलं नाही. मुली असे संकेत देत असतात, वाचता आले पाहिजेत.
बायकोला म्हटलं. ती म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. संदर्भ कळला नाही.

१० मार्च, शनिवार
छोटासा अपघात. पाय मागून पुढे उचलायचा होता. उचलला. बूट निघाला, हॉलभर गेला आणि मॅडमच्या चहाच्या कपावर आपटला. हॉलची कड ही कप ठेवण्याची जागा नव्हे, हे मी मनात म्हटलं.
मॅडमनी बूट उचलून उलटापालटा केला. बुटाच्या तोंडाभोवती कापडाची बारीक नळी असते, तिच्यातून नाडी जाते आणि ती ओढून बूट पायावर आवळायचा असतो. मी रिबीन शिवताना नळी, नाडी, कापड, सगळं एकत्र डबल शिलाईने पक्कं केलेलं. नाडी हलत नव्हती. मॅडम म्हणाल्या, नाडी मोकळी ठेवायची असते, हे दहा वर्षांच्या मुलींना माहीत असतं, कोणी शिवलं हे? मी म्हटलं, मी, तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणाल्या, दिसतंय.
आमच्या धंद्यात मोकळं काही सोडत नाहीत. मोकळं सोडलं की गिऱ्हाईक परत येतं.

११ मार्च
लेकीला माझ्या पिशवीतली टेप हवी होती. बूट सापडले. मग पँट सापडली. पँट बराच वेळ उजेडात धरून बघितली, विशेषतः घडी. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. बूट कोणाचे तेही विचारलं नाही. जमिनीवर बसली, माझ्याच डब्यातून शिलाई उसवायची कात्री घेतली आणि चार फटक्यांत चारही रिबिनी सोडवल्या, नाडीला ओरखडा न लावता. मग सुई ओवून पुन्हा शिवायला बसली.
म्हटलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, तुझ्या रिबिनींवर. प्रत्येक जोडीच्या. अकरा वर्षांची असल्यापासून. बूट आवळले जायचे नाहीत, मॅडम परत पाठवायच्या. मग आंघोळीला जाते सांगून बाथरूममध्ये बसून सगळ्या उसवायची आणि पुन्हा शिवायची.
मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाली, तुला शिवायला आवडायचं.
यावर थोडा विचार केला. निष्कर्ष: सहा वर्षं, महिन्याला दोन जोड्या. एवढा सराव धंद्यातल्या माणसाला मिळत नाही. तिचा हात आज इतका साफ आहे, तो कोणामुळे?
तरी जेवण नीट गेलं नाही.
आता घरात सगळ्यांना माहीत झालंय. बायको तोंडावर पदर घ्यावा तसा टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. लेकीने एवढंच विचारलं, बाबा, कुठे दुखत वगैरे नाही ना? म्हटलं, छे.

२४ मार्च, शनिवार
टाच दुखते. उजवी. टाचेच्या वरची दोरीसारखी शीर आहे ना, ती. सगळ्यांचीच दुखते. नर्स म्हणाली दाखवून घ्या. नर्सना सवय असते.
मोठी बातमी: चौदा एप्रिलला घरच्यांसाठी छोटा कार्यक्रम आहे. आमचा दोन मिनिटांचा तुकडा. दोघींनाही बोलावणार. योजना अशी: लेक प्रेक्षकांत बसणार, पियानो वाजणार, तिच्याच जागेवर मी उभा, आणि तिचे पाय आपोआप हलायला लागणार. मासा काठावर किती दिवस बसेल? सोमवारी आमची जागा आमच्याकडे.

३१ मार्च
टाच जास्त दुखते. मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं तर कार्यक्रमातून काढतील. घरीही सांगितलं नाही. सांगितलं तर जाऊ नको म्हणतील, आणि मग लेकीला काय तोंड दाखवू? अकरा वर्षं तिला जिद्द शिकवली आणि स्वतः सहा आठवड्यांत बसलो, असं व्हायचं.
दुकानात मशीन डाव्या पायाने चालवतोय. शिलाई थोडी लाटा घेते. एका बाईंना ती फॅशन वाटली.

७ एप्रिल, शनिवार
प्लंबरला मॅडमनी पुढच्या ओळीत घेतलं. मला म्हणाल्या, तुम्ही खाली बसा, लंगडताय. म्हटलं, ही माझी स्टाइल आहे.

१४ एप्रिल, दुपार
कार्यक्रम झाला. खाली लिहितो ते अगदी जसं घडलं तसं.
पहिलं मिनिट निर्दोष. सगळ्यांबरोबर दांड्याला धरून चवड्यांवर चढलो. मग सगळ्यांनी दांडा सोडून मधे यायचं होतं. ते आले. मी आलो नाही. टाचेत काहीतरी कटकन वाजलं आणि उजवा पाय माझा राहिलाच नाही. म्हणून मी दांडा धरून ठेवला. पूर्ण एक मिनिट, एका पायावर, मान वर. लायब्रेरियन बाई मधे गोल फिरत होत्या, प्लंबर हात पसरून उडी मारत होता आणि मी तिसऱ्या जागेवर. लोकांना वाटलं, नाचच असा बसवलाय. टाळ्या वाजल्या. एका आजोबांनी शेवटी मला विचारलं की तुम्ही झाड होता का?
पडलो तरी नाक वर म्हणतात, पण मी तर पडलोही नाही. जागा सोडली नाही, हे महत्त्वाचं. प्लंबरने उचलून गाडीत ठेवलं.
लेकीचे पाय हलले की नाही हे बघायचं राहिलं. मी बघितलं तेव्हा ती उभी होती आणि रडत नव्हती इतकंच. सगळ्यात आधी तीच धावली.

१४ एप्रिल, संध्याकाळ
लेकीने पायाखाली दोन उशा दिल्या आणि टॉवेलमध्ये बर्फ बांधून टाचेला लावला. कुठे दाबायचं, किती वेळ ठेवायचं, सगळं तिला पाठ. विचारलं, कधीपासून दुखत होतं? म्हटलं, तीनेक आठवडे. मग बोलला का नाहीस? म्हटलं, बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं मी हरलो.
ती म्हणाली, बाबा, नसेल जमत तर सोड. कोणी रागावणार नाही.
छान वाक्य. मी म्हटलं, अगं, मीही तुला नेहमी हेच सांगत आलोय.
तिने बर्फ बदलला. बायकोकडे प्रत्येक गोष्टीवर म्हण असते, आज एकही निघाली नाही.

१५ एप्रिल
दुकान बंद. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे पाय टेकायचा नाही. सत्कारणी वेळ. कपाटातून जुन्या रोजनिशा काढून घेतल्या, सगळ्या अकरा. ते वाक्य मी तिला कधी म्हणालो, ते तारखेसकट काढून दाखवतो.
संध्याकाळपर्यंत नऊ वह्या झाल्या. पिना. जाळ्या. रिबिनी, त्या तर पानोपान. दांड्यावर कितव्या जागेवर आहे. कोणाची मुलगी पुढे गेली. मॅडम तिला काय म्हणाल्या, मी मॅडमना काय म्हणालो. ती काय म्हणाली, हे कमी सापडतं. ते वाक्य अजून सापडलं नाही. दोन वह्या बाकी आहेत. त्यांत असणारच.

१६ एप्रिल
दहाव्या वहीत नाही.
अकरावी, गेल्या वर्षीची, दोनदा वाचली. हे सापडलं:
'१९ ऑक्टोबर. पाय दुखतो म्हणते. म्हटलं, सगळ्यांचेच दुखतात.'
'२७ ऑक्टोबर. पुन्हा पाय. सोडू का म्हणाली. म्हटलं, लोक काय म्हणतील?'
'९ नोव्हेंबर. एक्स-रे. हाडाला चीर. तीन आठवडे त्याच पायावर नाचत होती. तिने आधी सांगायला हवं होतं.'
अक्षर माझंच आहे.