फर्मिनसाठी बरिटो

५ सप्टेंबर, बुधवार

फर्मिन शनिवारी तुरुंगातून सुटतोय. आईनं पडल्या पडल्या सांगितलं, जणू दूध संपलंय म्हणून सांगावं!

"आणि जाणार कुठे तो?"

"कुठे म्हणजे? घरी. मी अजून मेले नाहीये."

 भांडी जरा जोरातच आपटली.

नऊ वर्षं. माझा धाकटा भाऊ, दारू पिऊन गाडी कालव्यात घालणारा. शेजारच्या सीटवर माझी अरासेली होती. सात वर्षांची. तो जगला.

६ सप्टेंबर

आईच्या मूत्रपिंडांनी आता हातच टेकलेत. डॉक्टर डायलिसिसच्या मशीनवर चला म्हणाले, तर ही म्हणते, मला माझ्या खाटेवर राहू द्या. आणि त्या खाटेवरून हुकूम— त्याला हिरव्या मिरचीचे बरिटो कर. बीफचे. तुझ्या हातचे.

"विकत आणते."

"विकतचे नकोत. नऊ वर्षं त्यानं मिरचीचा वाससुद्धा घेतला नाही गं."

"आई, माझी मुलगी होती ती."

"माहीत आहे. तोही माझा मुलगा आहे."

मग दोघीही रडलो, ती खाटेवर, मी मोरीपाशी. एकमेकींकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी रस्त्यावरच्या दुकानातून मिरचीचं पोतं आणलं. या दिवसांत सगळ्या खोऱ्यात भाजक्या मिरचीचा वास असतो. लोक गाड्यांच्या काचा खाली करून जातात. मी वर करून आले.

७ सप्टेंबर

दिवसभर स्वयंपाकघरात. मांसाचा मोठा तुकडा सकाळीच लसूण-कांदा लावून मंद आचेवर ठेवला. मिरच्या गॅसवर भाजल्या, काळ्या पडेपर्यंत. मग पातेल्यात झाकून ठेवल्या आणि बसले साली काढत. बोटांची नुसती आग! एकदा चुकून डोळ्याला हात लागला. बरं झालं. रडायला कारण मिळालं.

आई आतून— "पाण्याखाली धरू नकोस, चव जाते!"

"माहीत आहे!"

"बटाटा घातलास?"

"घातला!"

"त्याला बटाटा आवडतो."

तिलाही आवडायचा. अरासेली आधी बटाटे वेचून खायची, मग मांस. हे आईला आठवत नसेल असं नाही. बोलली नाही एवढंच.

मैद्याच्या पोळ्यांत मांस-मिरची भरून चोवीस बरिटो झाले. गुंडाळताना दोनदा फॉइल फाडली. रागानं. रागानंच असावं.

८ सप्टेंबर

आला. ओळखू येईना— टक्कल पडलंय, खांदे खाली आलेत. अडतिसाव्या वर्षी म्हातारा. उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आत येऊ का, ओती?"

मी बाजूला झाले. हो म्हटलं नाही.

आईनं त्याचं डोकं छातीशी धरलं, बराच वेळ. मग म्हणाली, "वाळलास रे. बस, खा." खाटेच्या काठावर बसून त्यानं दोन खाल्ले, मान खाली घालून. डोळ्यांतून पाणी. आई हसली— "मिरचीसुद्धा झेपेना का रे आता तुला?" तोही हसायला गेला, पण घास घशात अडकला. ठसक्यावर ठसका! पाण्याचा पेला मी पुढे केला. सवयीनं.

मग मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

९ सप्टेंबर

जाळीचं दार दुरुस्त केलं त्यानं.

११ सप्टेंबर

आईनं विचारलं, "बोललीस का त्याच्याशी?" मी उशी सारखी केली. ती म्हणाली, "माझ्यासाठी नको बोलूस. मी काय, चालले."

१३ सप्टेंबर

आई गेली. सकाळी साडेसहाला. तो एका बाजूला होता, मी दुसऱ्या. आमचे दोघांचे हात तिच्या हातात होते. तिचे सुटले, तरी आम्ही थोडा वेळ तसेच.

१४ सप्टेंबर

उद्या दफन. नंतर सगळं गाव जेवायला येणार, म्हणजे बरिटोच. शंभर तरी हवेत. एकटीला होण्यासारखं नव्हतं. फर्मिन न सांगता समोर येऊन बसला, मिरच्या सोलायला लागला. मी टॉर्टिया लाटल्या, भाजल्या. तो भरायचा, मी गुंडाळायची. चार तास.

मधे म्हणाला, "मीठ कमी आहे."

"घाल मग."

नऊ वर्षांतलं आमचं पहिलं बोलणं!

थोड्या वेळानं— "ओती, मी माफी मागणार नाही. मागायला तोंड नाही मला." मी मान खाली घालून गुंडाळत राहिले. आई तिकडे चर्चमध्ये पेटीत, आणि इथं तिच्या खाटेवर आम्ही रचलेले बरिटो, ओळीनं.

१५ सप्टेंबर

पुरलं. सगळे जेवले. काही जण त्याच्याशी बोलले, काहींनी पाठ फिरवली. दोन बायकांनी माझे हात धरले— "तुझं मन केवढं मोठं, ओतिलिया! असल्याला घरात घेतलंस!"

 ताट तसंच ठेवून उठले.

१६ सप्टेंबर, रविवार

आज सांगितलं त्याला. त्या दुपारी तो प्यालाय हे मला दिसत होतं. पोरगी सकाळपासून किरकिर करत होती, माझं डोकं ठणकत होतं. गाडीच्या किल्ल्या मीच त्याच्या हातात दिल्या— घटकाभर फिरवून आण हिला, मला पडू दे जरा. कोर्टात तो म्हणाला, गाडी मीच न विचारता नेली. मला वाटलं, नशेत होता, आठवत नसेल. म्हणून गप्प बसले. नऊ वर्षं.

"सगळं आठवत होतं, ओती," तो म्हणाला.