स्वानंददादाची मेमरी टेस्ट

अल रय्यान, कतार, ४ ऑक्टोबर २०२४

ती. विभावरीमावशीस,
ईशाचा शि. सा. न. वि. वि. (बरोबर आलं ना? आईनं मागे एकदा शिकवलेलं.)

मुद्दाम हातानं लिहितेय. तुला टायपिंग जमत नाही, आणि तुझा फोन आला की आई लगेच स्पीकर लावते. हे आईला कळायचं नाहीये, दादानं शपथ घातलीय. बाबांच्या ऑफिसमधले देवीदासकाका नाशिकला चाललेत, त्यांच्या बॅगेत खजुराबरोबर टाकतेय.

दादा परत टीममध्ये येतोय. कॉलेजात सगळ्यांना मला आधी बॉबस्ले समजावावं लागतं: बर्फाच्या घसरगुंडीवरून सुटलेली पेटी, पुढे ड्रायव्हर, मागे आमचा स्वानंददादा. तो जीव खाऊन पळत पेटी ढकलतो, उडी मारून आत बसतो, मान खाली घालतो आणि शेवटी ब्रेक ओढतो. तुझ्याकडे राहून ग्राउंडवर पळायचा, तेच पाय. गेल्या सीझनला कोरियात गोल्ड आणि पुढच्याच रेसला पेटी उलटली, डोकं आपटलं.

आता टीमचा डॉक्टर मेमरी टेस्ट घेणार. तो काही शब्द वाचतो, थोड्या वेळानं परत विचारतो. लिस्टी ठरलेल्या आहेत, नेटवर मिळतात. मी दादाकडून सगळ्या पाठ करून घेतेय, बोर्डाला केमिस्ट्री केली तशा. दिवे बंद करून बसतो, कारण लाइटनं त्याचं डोकं चढतं. अंधारात काय करता असं आई विचारते. मी म्हणते मेडिटेशन.

जास्त काय लिहू, लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ईशा

नाशिक, १३ ऑक्टोबर

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद. खजूर पोचला. निम्मा देवीदासांनी वाटेतच संपवला असावा.

दिवे बंद करून बसता, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी अजून त्याच ओळीवर आहे. परवा स्वानंदनं फोन करून नव्या बुटांचं सांगितलं. जेवण झाल्यावर परत फोन केला आणि बुटांचं पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगितलं. मी नुसतं हं हं केलं. शाळा-कॉलेजभर तो माझ्या हातचं जेवलाय. त्याची थट्टा कुठली आणि विसर कुठला, ते मला कळतं.

बाळा, त्याला पाठ करून देऊ नकोस. नापास होऊ दे. नापास झाला तर घरी राहील.

पत्र चकल्यांच्या डब्यात ठेवलंय. देवीदास शनिवारी निघतायत. अभ्यास कर, दुपारची झोपू नकोस, आणि या म्हातारीवर माया असू दे.
तुझी मावशी

अल रय्यान, १२ डिसेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

देवीदासकाकांची रजा वाढली. डबा आला तोवर दादा पास होऊन जर्मनीला गेला होता. एक शब्द चुकला नाही. तू रागावशील म्हणून मी लिहायचं टाळलं, आणि मग तो जिंकला. परत गोल्ड. आईनं अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. कुठला खेळ म्हणून वॉचमननं तीनदा विचारलं आणि दर वेळी एक पेढा घेतला.

परवा इथल्या मराठी मंडळानं सत्कार केला. भैरवीकाकूंनी माइकवर विचारलं, रेस कशी झाली. दादा मस्त बोलला. ऊन होतं, बर्फ ओला झालेला, खाली पोचल्यावर ड्रायव्हर मिठी मारून रडला. खूप टाळ्या पडल्या. मावशी, ते सगळं कोरियातलं होतं. ही रेस रात्री झाली, फ्लडलाइटमध्ये. मी लाइव्ह बघितलीय.

येताना गाडीत मी हळूच विचारलं. तो खिडकीतून दिसणाऱ्या लुसैलच्या टॉवर्सकडे वळला. मग म्हणाला, "तू बघितलीस ना? सांग ना, कशी झाली."

मी सांगितली. घर येईपर्यंत सांगत होते.

काय करू ते लिही. कितीही रागावलीस तरी लोभ ठेव.
ईशा

नाशिक, २१ डिसेंबर

चि. ईशास,
आशीर्वाद. हे कुरिअरनं पाठवतेय, चकल्या नाहीत.

रागवायला आता वेळ नाही. पुन्हा पाठ करून देऊ नकोस आणि शपथ मोडून तुझ्या आईला, नीलांबरीला, सगळं सांग. मीच सांगितलं असतं. पण मागे एकदा ती मला म्हणाली होती, ताई, तू वाढवलास म्हणून तो तुझा होत नाही. त्यामुळे माझ्या तोंडून तिला पटणार नाही. तुझ्या तोंडून पटेल.

घट्ट राहा. माझा जीव तुम्हा दोघांत आहे, विसरू नकोस.
मावशी

अल रय्यान, ६ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
न.

फेब्रुवारीच्या मोठ्या रेसआधी परत टेस्ट आहे. दादानं मला बसायला बोलावलं. मी नाही म्हटलं. वाटलं ओरडेल. तो फक्त म्हणाला, खलास, राहू दे.

संध्याकाळी कॉलेजातून आले तर हॉलचे दिवे बंद. सोफ्यावर आई त्याच्या शेजारी, हातात त्याचा मोबाइल, एकेक शब्द वाचत होती. इंग्लिश उच्चार चुकले की दोघं हसत होती. इतक्या महिन्यांनी तो आईजवळ बसला होता. आईला आनंद मावत नव्हता.

मी सगळं सांगितलं. अंधार कशाला लागतो ते, बुटांचे दोन फोन, कोरिया, मी काय काय पाठ करून घेतलं ते. दादानं मोबाइलच्या उजेडानं डोळ्यांवर हात धरला. आईनं चष्मा काढला. त्याच्याकडे वळली आणि विचारलं, "डोकं दुखतं का रे?"

तो म्हणाला, "नाही आई." डोळ्यांवर हात धरूनच म्हणाला.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "नाही म्हणतोय ना तो." चष्मा परत लावला आणि पुढची लिस्ट वाचायला घेतली.

गुरुवारी त्याची फ्लाइट आहे. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी ईशा