बाबांच्या दुधातली पूड

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. फोन आला की बाबा शेजारी कान देऊन बसतात, म्हणून हे पत्र.

मावशीने दिलेल्या द्राक्षबियांच्या कॅप्सूल चांगल्या का, असं तू विचारलंस. तशाच बाटल्या आम्ही कारखान्यात दिवसभर भरतो, झाकणं माझ्याकडे. त्यातल्या बियांच्या अर्काने रक्तदाब थोडा उतरतो म्हणतात, उतरतही असेल. आमचा मुकादम रोज एक घेतो. पण दाढ काढायची ठरली तेव्हा त्याने आधी ती बंद केली. रक्त लवकर थांबत नाही, म्हणाला. बाटलीवरही ते बारीक अक्षरात छापलेलं असतं.

बाबांना गोळ्यांचा कंटाळा, म्हणून तू कॅप्सूल उघडून पूड गुपचूप त्यांच्या दुधात घालतेस. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे. हातावर निळे डाग उठतात, ते वयाचे, असंही तूच लिहिलंयस.

आणखी काही घेता का, असं डॉक्टर विचारतात तेव्हा बाबा नाही म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत.

पत्र मिळताच पूड बंद कर. रक्ताची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नकोस. त्याच दिवशी बाटली घेऊन दोघं डॉक्टरांकडे जा आणि डाग दाखवा. बाबा चिडले तर माझं नाव पुढे कर.

आणि दूध कडू लागतं म्हणून बाबांनी ज्या दूधवाल्याला काढलं, त्याला परत बोलाव.

तुझी,
थोरली