तीन दिवसांच्या बोलीवर आणलेली मशीन

आष्टी,
दि. १८ जानेवारी १९८७

चि. ओमप्रकाश यास थोरला भाऊ रूपराव याचा पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सारे खुशाल आहो, तुम्ही तिकडे भिलाईले खुशाल असाल असं धरून चालतो. भाऊसुनेचा खोकला थांबला का? नसला तर अडुळशाचा काढा देजो, अन् तू विड्या कमी करजो, म्हणजे तिचा खोकला आपोआप थांबेल.

पाकीट पाहून दचकला असशील. दर वेळी बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात पत्र येते अन् या वेळी कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली असं दिसते, तर ती कोंबडी मी आहो. दसऱ्याले बाबांच्या अंगावरून वारं गेलं ते तुले माहीतच आहे, तू येऊन गेलाच. वाचा परत आली, पाय बी फरफटत का होईना चालू लागला, पण उजवा हात तसाच मांडीवर पडून राह्यते. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभरदा दाबा म्हणाले. बाबांनी तो एकदा पाह्यला अन् खाटेखाली सोडून दिला. तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, साऱ्या गावाच्या वह्यांवर (माझ्या तर पानोपानी) लाल शाईनं 'अक्षर सुधारावे' लिहिणारा, तो काय चेंडू दाबत बसते? डॉक्टर म्हणाले, संक्रांतीपर्यंत हात हलला तर हलला, मग आशा कमी. ते ऐकल्यापासून बाबांनी पेन, दौत अन् चष्मा पेटीत ठेवून दिला. मले लई वाईट वाटलं रे. 

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलं होतं, की नालवाडीले रामाजी म्हणून गृहस्थ आहेत, त्यांच्या मुलानं कुवेतवरून पाठवलेली टीव्हीवर खेळायची मशीन ते विकून राह्यले, तर दादा, तू जाऊन पाह्यजो अन् घेण्याजोगी आहे का ते कळवजो. (पोरीसाठी पाहिजे म्हणतो. लेका, तुझी पोरगी अजून पाळण्यात आहे. खेळायचं कोणाले आहे ते मले न सांगता समजते.) मले मशीनमधलं काय समजते? पण आष्टीच्या बाजारात माझ्या पारखीवर घेतलेली बैलजोडी आजपर्यंत कोणी परत आणली नाई. मी म्हटलं, जनावर काय अन् मशीन काय, पैसा टाकायच्या आधी पाहायची रीत एकच.

सहा तारखेले, मंगळवारी, तूर तशीच खळ्यावर टाकून गेलतो. रामाजी पोस्टातून रिटायर झालेले, मोठे सज्जन निघाले, चहा दिला, मशीन पुढ्यात ठेवली. मी आधी चारही बाजूंनं फिरून पाह्यली. मग रीतीप्रमाणे विचारलं: वय किती, आधी कोणाच्या हाताखाली होती, खाते किती (म्हणजे करंट), चालता चालता बसते का, अन् एवढी चांगली आहे तर विकता काऊन? पहिल्या चारची उत्तरं त्यांनी हसत हसत दिली. पाचव्याले मशीनवरून हात फिरवला. म्हणाले, हिले दोन बटणं आहेत, दोन माणसं लागतात. घरवाली होती तोवर खेळलो, आता एकट्यानं काय खेळायचं?  किमतीची गोष्ट निघाली तशी मी खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या हातावर टाकला अन् खालून बोटं धरली. खोलीत तिसरं माणूस नव्हतं, पण बैलाचा सौदा म्हणजे दुपट्ट्याखाली, बोटांच्या खुणेनंच. ते बिचारे असे घाबरले की पहिले हात ओढून घेतला, मग समजल्यावर त्यांनीच माझी दोन बोटं जास्त दाबली. किती ठरले ते दुपट्ट्याखालचं आहे, पत्रात लिहायचं नाई. बोली मात्र बैलाचीच केली: तीन दिवस घरी नेऊन जुंपून पाहीन, लंगडली तर परत, कोणी तोंड वाकडं करायचं नाई. ते म्हणाले, न्या बाप्पा, माणूस तर जुंपाल ना समोर?

घरी आलो तर तुझी वहिनी दारात तांब्या घेऊन उभी. मी जाताना 'बाजाराच्या रीतीनं पाहून आणतो' म्हटलं होतं, तर तिनं नव्या जनावराच्या पायावर घालायले पाणी अन् कुंकू तयार ठेवलं. मी अगं अगं म्हणेपर्यंत मशीनच्या चारही रबरी पायांवर पाणी पडलं होतं. (पाय नसते तर कदाचित वाचली असती.) मग काय, बोलीचा पहिला दिवस मशीन अंगणात परातीत, वाळत घातलेल्या डाळीशेजारी, उन्हात. वहिनीनं दोनदा उलथी केली, दोन्ही बाजूंनं सारखी वाळावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी मशीन टीव्हीले जोडली. तर ऐक हिचे दोष. पडद्यावर दोन बाजूले दोन पांढऱ्या पट्ट्या, मधात एक ठिपका. बटण फिरवलं की पट्टी वर-खाली होते, ठिपका तिच्यावर आपटला की टुक वाजते, चुकला की समोरच्याले एक गुण. पंधरा झाले की खलास. एवढंच! रंग नाई, गाणं नाई. चेंडू म्हणतात तो चौकोनी आहे. कुवेतसारख्या श्रीमंत देशातून आली अन् हिले गोल चेंडू देता आला नाई? लाईन गेली की झालेले गुण सारे विसरते. आमच्याकडे लाईन किती जाते ते तुले माहीत आहे.

पण बैलाची पारख एकट्यानं होत नाई, जोडी जुंपावी लागते. वहिनी म्हणे मले तूर निवडायची आहे. मग मी दुसरं बटण बाबांच्या मांडीवर ठेवलं. खेळायसाठी नाई रे, नुसतं जू सारखं करायले आपण कसा दुसऱ्या बाजूले म्हातारा बैल लावतो, तसं. वायर आखूड, ती खाटेच्या उजव्या अंगालेच पुरे, म्हणून उजव्या हाताखाली ठेवलं. मी एकटाच गुण घेऊन राह्यलो, एक, दोन, सहा, नऊ. बाबांची पट्टी खाली पडून होती, जशी तीन महिने सारंच पडून आहे. मग दहाव्याले ठिपका खाली गेला अन् टुक झालं. मले वाटलं मशीन बिघडली, आता परत करायले मोकळा. पाहतो तर बाबांचा अंगठा बटणावर. चेहऱ्यावर काही नाई, नजर पडद्यावर, अन् अंगठा थरथरून राह्यला. मी ठिपका सोडून त्या अंगठ्याकडेच पाहत बसलो, तर बाबा ओरडले, रूप्या, खेळाकडे लक्ष दे! वहिनीच्या हातचं सूप खाली पडलं. मी रडलो. लिहायले लाज वाटते, पण रडलो.

तर अशी ही मशीन. तिसऱ्या दिवशी बाबांनी सकाळी चहाच्या आधी बटण मागितलं. वहिनीनं डाव्या हातात देऊ केलं तर म्हणाले, उजव्या हातानं खेळायचं आहे, डावा तर चांगलाच आहे. मले खळ्यावर जाऊ देत नाई, तुरीत बकऱ्या शिरल्या. टीव्हीवरच्या बातम्या बंद, शेजारीपाजारी नाराज. म्हणजे मशीन एकंदरीत घरात भांडण लावणारी, डोळे खराब करणारी, चौकोनी चेंडूची अन् पाणी न सोसणारी आहे. तेव्हा मले विचारशील तर तू ही घेऊ नको. थोरला भाऊ म्हणून सांगतो, मन मारजो. भाऊसुनेले आशीर्वाद, पोरीले पापा.

तुझा,
रूपराव

ता. क. : बोलीचे तीन दिवस होऊन आज नववा दिवस आहे. तू म्हणशील, लंगडी आहे तर परत काऊन नाई केली? परत करायलेच बस धरली होती. पण मधातच मन फिरलं, नालवाडीले जाऊन रामाजीच्या हातात ठरलेले पैसे ठेवून आलो. पारख तुझ्यासाठी केली अन् बैल माझ्या गोठ्यात बांधला, हे मले समजते. रागावजो, पण मशीन मागू नको. संक्रांत होऊन गेली अन् बाबांनी तिळगूळ उजव्या हातानं वाटला, थोडा सांडला.

ता. क. दुसरा : एक विनंती आहे, खरं तर त्यासाठीच पत्र लिहिलं. सुट्टी काढून येजो. मी हरलो की मी मुद्दाम हरतो असा बाबांना संशय येते, अन् खरं सांगू, मी मुद्दाम नाई हरत. रामाजी एक दिवसाआड येऊन राह्यले, पण त्यांना बी आता बाबा हरवल्याशिवाय सोडत नाई. वहिनी त्यांच्यासाठी भाकरी टाकतेच.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करायच्या आधी बाबांनी पत्र मागून घेतलं अन् पेटीतून दौत काढायले लावली. बाकी खाली जे आहे ते लिहायले पाऊण तास लागला. मी हात लावला नाई.

चि. ओम, रूपराव खोटे लिहितो. यंत्र उत्तम आहे. तो काल पुन्हा हरला.
अक्षर सुधारेल.
— बाबा