गावाचे मेजर

नाना, परवा गावाहून फोन आला होता. तुम्ही त्याला ओळखणार नाही, तुमच्यामागे जन्मलेला मुलगा, आता सरपंच झालाय. मला आत्या म्हणतो. ग्रामपंचायतीसमोर काळा दगड बसवायचाय, गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरायची आहेत, हुद्द्यासकट. बाकीच्यांचं घरच्यांनी सांगितलं. तुमच्या नावापुढे त्याने 'मेजर' लिहूनच ठेवलं होतं, फक्त एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते. तेव्हापासून धुळ्यातल्या या दोन खोल्यांत मी त्या एका शब्दाला घेऊन बसले आहे. शाळेत पोरांना जन्मभर इतिहास शिकवला, कोण कधी कोणत्या हुद्द्यावर होतं ते झोपेतही सांगितलं असतं, आणि स्वतःच्या बापाचा हुद्दा सांगायला वेळ मागून घेतला.

आपल्याकडे फौजेतून परतलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, गाव त्याला मेजर म्हणतं. तुम्ही पेन्शनीवर आलात त्या दिवसापासून तुम्ही मेजर झालात. शिंदखेड्याच्या बाजाराला निघालात की पारावरून, कुठे चाललात म्हणून, हाक यायची, "मेजर, कथा चालनात?" तुम्ही हात वर करायचात आणि चालू लागायचात. मला फार अभिमान वाटायचा. एकदा मी शाळेतून खडू आणला आणि आपल्या दाराच्या फळीवर मोठ्या अक्षरात 'मेजर' आणि पुढे तुमचं नाव लिहिलं. तुम्ही शेतातून आलात, दारात थांबलात, वाचलंत. मला वाटलं आता पाठ थोपटणार. तुम्ही ओलं फडकं माझ्या हातात दिलंत. "खोडी टाक. मेजर गावना शे माय, फौजना नही. फौजमा मी नाईक." मी पुसत होते आणि रडत होते, आणि तुम्ही पूर्ण पुसून होईपर्यंत तिथेच उभे. आवाज चढवला नव्हता, पण तेवढं दुसरं कुठलं रागावणं मला लागलं नाही.

संध्याकाळी तुम्हालाच वाईट वाटलं असणार, कारण जेवताना तुम्ही मला जवळ घेऊन बसता. ताटाच्या कडेला दोन हिरव्या मिरच्या बाहीवरच्या फितींसारख्या तिरप्या ठेवता. हा नाईक. तीन मिरच्या हवालदार. मग सुभेदार, मग साहेब लोक, मग आईच्या कुटायला काढलेल्या दाण्यांतून चार दाणे एका ओळीत: जनरल. त्याच्यावर पाचवा दाणा ठेवता तेव्हा तुमचा आवाज खाली येतो. फील्ड मार्शल. पाच तारे, हातात सोन्याच्या टोकांची काठी, आणि मरेपर्यंत वर्दी. तो रिटायर होत नाही. मी विचारते, मग तो म्हातारा झाला तरी लढतो? तुम्ही हसता. "त्याले घर बसू देतस नही, नि काम बी देतस नही." चुलीपुढून आई म्हणते, त्या दाण्यांची भाजी करायची आहे, लढाई संपली असेल तर परत द्या. मला भलताच प्रश्न पडलेला असतो. नाईक हवालदाराला विचारतो, हवालदार सुभेदाराला. "मंग तो कोणले विचारस, नाना?" तुम्ही म्हणता, वर राष्ट्रपती आहेत. मग म्हणता, पण वर्दीतलं कोणी नाही. आणि भाकरी मोडता.

निवृत्तीनंतर मला वाचायला वेळच वेळ आहे. मध्यंतरी वाचनालयात एका जाड पुस्तकात या शब्दांची कुळकथा सापडली, आणि सांगायला कोणी नव्हतं म्हणून तुम्हाला सांगते. मार्शल हा मुळात घोड्यांची निगा राखणारा चाकर होता, आपल्याकडचा मोतद्दार म्हणा. परदेशी राजांच्या पागेत खरारा करायचा, दाणावैरण बघायचा. राजाचं सगळं बळ घोड्यावर, म्हणून पागा सांभाळणारा मोठा झाला, मग घोडदळ त्याच्या हाती गेलं, मग अख्खं सैन्य. आणि नाईक? तो तर नायक. एके काळी सैन्यं नायकाच्या मागे चालायची, मुलूखच्या मुलूख नायकांचे होते. पुढे गोऱ्यांनी पलटणी बांधल्या, वरच्या खुर्च्या स्वतःला ठेवल्या आणि नायकाच्या बाहीवर दोन फिती शिवून त्याला खाली बसवला. म्हणजे मोतद्दार वर चढला आणि नायक खाली उतरला. जिन्यात दोघांची गाठ पडली असेल तर काय बोलले असतील, असं मनात आलं आणि मी वाचनालयात एकटीच मोठ्याने हसले. समोरच्या माणसाने पेपर खाली करून पाहिलं. तुम्हाला ही गोष्ट आवडली असती. तुम्ही ती पारावर दहा वेळा सांगितली असती, दर वेळी थोडी वाढवून.

नाना, आता मी घरात सगळ्यांत मोठी आहे. आई गेली, गेल्या वर्षी दादा गेला. शाळेत मला बाई म्हणायचे, गल्लीत मॅडम म्हणतात, भाचरं आत्या, आणि सगळेच 'तुम्ही'. मला 'तू' म्हणणारं शेवटचं माणूस दादा होता. रविवारी चाळीसगावहून फोन करायचा, बोलायला विशेष काही नसायचं, "जेवनी का तू?" एवढंच. आता मला जेवलीस का असं कोणी विचारत नाही, आणि खोटं कशाला सांगू, कधी कधी मी जेवत नाही. हुद्दा मागायला मी कुठे गेले नव्हते. पुढचा एकेक माणूस गेला आणि मी आपोआप वर सरकत गेले. सगळ्यांत वरच्या हुद्द्याचा अर्थ मला या दोन दिवसांत कळला. तुमच्या नावापुढे काय लिहायचं, एवढी साधी गोष्ट, पण विचारायला वर कोणी नाही. आई असती तर तिने एका वाक्यात निकाल लावला असता. दादा असता तर आम्ही भांडलो असतो, तेही चाललं असतं.

आज सकाळी मी सरपंचाला फोन केला. म्हटलं, फौजेत ते नाईक होते. तो चाचरत म्हणाला, "पण आत्या, गावात नाईक म्हटलं तर लोकांना आडनाव वाटेल. नाहीतर म्हणतील, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे नाईक कोण होते हे? मेजर म्हटलं तर म्हातारी माणसं बोट लावून सांगतील, हे आपले मेजर." खरं होतं त्याचं. मेजर शब्द काढला तर दगडावर तुमचं नाव राहील, तुम्ही नाही राहणार. आणि मेजर ठेवला तर मला पुन्हा ते ओलं फडकं आठवणार. पोरगा हुशार आहे, त्यानेच वाट काढली. "दोन्ही लिहू या? नाईक, आणि कंसात मेजर? जागा आहे दगडावर."

मी नको म्हटलं. म्हटलं, गावाचा दगड आहे, गावाचा शब्द लिही. तुम्हीच म्हणाला होतात, मेजर गावाचे. त्याला ते पटलं, खूशही झाला. उद्घाटनाला गाडी पाठवतो म्हणाला.

पण तुमच्यापाशी खरं सांगायला हरकत नाही, तसंही हे पत्र कुठे जाणार नाही. दोन्ही लिहिलं असतं तर सगळ्यांत बरोबर झालं असतं. मेजर तुम्ही सगळ्यांचे होता. नाईक मात्र आता फक्त माझे होतात, आणि तेवढं मला गावाला द्यायचं नव्हतं.