प्राचार्यांचे पान नापासांच्या पंगतीत मांडण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
यवतमाळ

विषय: बोधिनी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना त्यांनीच सुरू केलेल्या पंगतीत बसविण्याबाबत.
संदर्भ: माझा मुलगा घनश्याम यास वसतिगृहातून कमी केल्याचे प्राचार्यांचे पत्र.

महोदय,

मी पांढरकवडा येथे तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. स्वतःसाठी लिहितो आहे तो हा पहिलाच. भाषा कोठे कडक झाल्यास ती खुद्द अर्जदाराची समजावी.

१. सदर वसतिगृहात प्राचार्यांनी सहामाहीत नापास झालेल्यांची वेगळी पंगत बसविली. तिला वाढप सर्वांत शेवटी, आणि तेथील मुलांशी इतरांनी बोलावयाचे नाही. लाजेने मुले अभ्यासाला लागतील, हा त्यांचा होरा. घनश्याम गणितात गेला आणि त्या पंगतीत बसू लागला. एके संध्याकाळी तो जेवायला आला नाही. खोलीत त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला.

२. त्याची रिकामी जागा पाहून शेजारच्या खोलीतला जफर भरल्या ताटावरून उठला आणि धावत गेला, म्हणून माझा मुलगा आज जिवंत आहे. शेवटच्याचे जेवण होईपर्यंत कोणी उठू नये, असा तेथील नियम. तो मोडला म्हणून प्राचार्यांनी जफरलाही नापासांच्या पंगतीत बसविले. घनश्यामला महाविद्यालयाची बदनामी केली म्हणून काढले, आणि त्याची वळकटी व ताट घरी पाठवून दिले.

३. दवाखान्यात घनश्याम मला म्हणाला, "बाबा, कोणी शिव्या देल्ल्या असत्या तं चाललं असतं. माह्याकडं कोणी पाह्यतच नव्हतं." तेव्हापासून मला प्राचार्यांचा सूड घ्यावयाचा आहे. हे मी लपवीत नाही.

४. त्यांना बडतर्फ करावे, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले. बडतर्फ झालेला माणूस घरी बसून गरम पोळी खाईल. सबब त्यांना निवृत्तीपर्यंत नोकरीतच ठेवावे. रोज संध्याकाळी त्यांचे पान नापासांच्या पंगतीत मांडावे, वाढप शेवटी. शेजारच्या मुलाशी त्यांनी बोलावे. तो गप्प राहिल्यास पुन्हा बोलावे. एखादी जागा रिकामी दिसताच जफरप्रमाणे भरल्या ताटावरून उठून स्वतः धावावे. आणि नियम मोडल्याबद्दल दुसऱ्या दिवशी तेथेच बसावे.

५. यात कोणास सुधारणा दिसल्यास माझा इलाज नाही. माझ्याकडून हा सूडच आहे, अशी नोंद व्हावी.

आपला आज्ञाधारक, आणि अद्याप संतापलेला,
नागोराव गोविंद मामीडवार
पांढरकवडा, १२ डिसेंबर १९६४

सोबत: घनश्यामचे नाव कोरलेले पितळी ताट. प्राचार्यांनी यातच जेवावे. घनश्याम पुन्हा शिकायला निघेल तेव्हा घासून परत मिळावे.